ओल कोठून येते? : पश्चिमेकडील भिंतींच्या तपासणीविषयी निवेदन

सन २०२४-२५ च्या जमाखर्च पत्रकात 'इमारत दुरुस्ती' या नेहमीच्या शीर्षाच्या वर 'इमारत तपासणी' असे एक नवे शीर्ष सन्माननीय देणगीदारांच्या दृष्टीस पडेल. वार्षिक सभेपूर्वी काही हितचिंतकांनी त्याविषयी पृच्छाही केली. भिंतीला ओल आली तर ती दुरुस्त करावी, तिची तपासणी कसली करावयाची, असा त्या पृच्छेचा मथितार्थ होता. प्रश्न रास्त आहे. किंबहुना तीन वर्षांपूर्वी मीही तोच प्रश्न विचारला असता. रुग्णाच्या तापाचे कारण न शोधता केवळ ताप उतरविण्याची गोळी देत राहणाऱ्या वैद्याला आपण चांगला वैद्य म्हणत नाही. इमारतीच्या बाबतीत मात्र प्रशासक या नात्याने मी नेमके तेच करीत आलो, याची कबुली प्रारंभीच दिलेली बरी.

आपले रुग्णालय कोकणात आहे. येथे पाऊस वरून पडतो त्यापेक्षा समोरून अधिक येतो. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा वारा पावसाला आडवा करून भिंतीवर आणून आपटतो. यालाच आपण झड म्हणतो. जुन्या पिढीला याची पुरती जाण होती. उतरते कौलारू छप्पर भिंतीपासून चांगले हातभर पुढे काढलेले असे, पागोळ्या अंगणात पडत, पुढे पडवी असे, आणि मिरग लागण्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीला नारळाची झापे बांधली जात. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत पाणी पिते हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तिला पाणी लागूच नये अशी व्यवस्था होती. जे थोडे लागे ते चुन्याच्या गिलाव्यातून दोन दिवसांच्या उन्हात बाहेर निघून जाई.

आपली मुख्य इमारत यानंतरच्या काळातील. सिमेंट काँक्रीटचे खांब व तुळया, त्यांच्या मधोमध चिऱ्याच्या भिंती, सपाट गच्ची, आखूड छज्जे, आणि बाहेरून सुमारे २० ते २५ मिलीमीटर जाडीचा दोन थरांचा सिमेंटचा गिलावा. अशा इमारतीत पागोळी नाही, पडवी नाही आणि झापेही नाहीत. झडीचा सगळा मारा त्या इंचभर गिलाव्यावर. तो अखंड असेपर्यंत निभावते. परंतु काँक्रीट आणि चिरा हे दोन भिन्न पदार्थ उन्हात निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात व थंडीत तसेच आकसतात. त्यामुळे जेथे तुळई संपते आणि चिऱ्याचे काम सुरू होते, नेमक्या त्या रेषेवर काही वर्षांत केसाएवढी भेग पडते. केसाएवढी भेग म्हणजे काहीच नव्हे असे आपणास वाटते. पाण्याचा अनुभव निराळा आहे. अरुंद भेग पाणी स्वतःच आत ओढून घेते, दिव्याची वात तेल ओढते त्याप्रमाणे. आणि मागून वाऱ्याचा दाब असतोच.

बालरुग्ण कक्षाच्या पश्चिम भिंतीवर पहिला डाग दिसला तो २०१९ च्या पावसाळ्यात. आम्ही रंग लावला. २०२१ मध्ये पोपडे निघाले. आम्ही ते खरवडून पुन्हा रंग लावला, आणि या खेपेस बाहेरच्या बाजूने 'पाणी आत शिरूच देत नाही' अशी ख्याती असलेला, रबरासारखा ताणला जाणारा महागडा रंगही दिला. २०२२ मध्ये डाग परतला. त्या वर्षी देणगीदारांच्या वार्षिक भेटीचा दिवस जवळ आला होता. मी त्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे आच्छादन बसवून घेतले. कक्ष स्वच्छ दिसू लागला, भेटीच्या दिवशी अनेकांनी कौतुकही केले. ज्या मान्यवरांनी ते केले त्यांची मी येथे क्षमा मागतो.

जुलै २०२४ मध्ये दम्याच्या त्रासासाठी दाखल झालेल्या एका बालकाच्या आजीने परिचारिकेकडे खाट बदलून मागितली. खाटा रिकाम्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी कक्षात गेलो असता त्या माउली म्हणाल्या, "साहेब, हितं भिजलेल्या गोणपाटाचा वास येतो. पोराला रात्रीचा खोकला हितंच जास्त लागतो." मला कसलाच वास आला नाही, रोज वावरणाऱ्या माणसाचे नाक मरते. तरीही त्यांच्या समाधानासाठी कोपऱ्यातील एक पट्टी सोडवून पाहिली. तिच्या मागील बाजूस आणि भिंतीवर, गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत, काळपट हिरव्या बुरशीचा सलग थर होता.

पट्टी तत्काळ परत लावली, तिच्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि त्याच दिवशी कक्ष वरच्या मजल्यावर हलविला. ही घाई का केली, हे समजून घेण्यासारखे आहे. बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतातच. निरोगी माणसाचे शरीर त्यांचा बंदोबस्त करते. मात्र दम्याच्या रुग्णाला ओलसर, बुरशीयुक्त जागेत त्रास वाढतो. घरांतील ओल व बुरशी यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हा संबंध पुराव्यानिशी मान्य केलेला आहे. त्याच तत्त्वांत असेही सांगितले आहे की बुरशीची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, अशी कोणतीही संख्या निश्चित करता येत नाही. ओल नाहीशी करणे हाच मार्ग. रुग्णालयात आणखी एक वर्ग असतो. कर्करोगाचे उपचार घेणारे, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण. त्यांच्या फुप्फुसांत अस्परजिलस जातीच्या बुरशीचे दोन-तीन मायक्रॉन आकाराचे कण शिरले तर प्राणावर बेतू शकते. म्हणून रुग्ण जवळ असताना बुरशी लागलेली भिंत खरवडणे, हे ती तशीच राहू देण्यापेक्षाही घातक ठरू शकते. माझ्या हिशेबी मनाला हे पूर्वी कधी सुचले नव्हते. आधीच्या दोन्ही वेळा पोपडे खरवडताना आम्ही फक्त खाटा चार हात सरकविल्या होत्या.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोहोचला, आणि तेव्हापासून भिंतीवर काळा डाग दिसला की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. म्युकरमायकोसिस या आजारात जो काळेपणा दिसतो तो रक्तपुरवठा तुटून मृत झालेल्या ऊतींचा असतो. भिंतीवरील काळ्या डागाचा आणि त्या नावाचा तसा संबंध नाही. भिंतीवरील बुरशी काळी की हिरवी की पांढरी, यावरून ती किती घातक हे ठरत नाही.

यानंतर प्रश्न उभा राहिला तो पुढे काय करावे याचा. गवंड्याने सांगितले, सगळा गिलावा काढून नवा करा. रंगाच्या विक्रेत्याने आणखी भारी रंग सुचविला. इमारत तपासणीचा अनुभव असलेल्या एका अभियंत्यांना पाचारण केले, तेव्हा त्यांनी पहिल्या भेटीत काहीच सुचविले नाही. त्यांनी एक पेन्सिल मागितली. इमारतीतील ज्या ज्या डागावर ओल होती त्याच्या कडेने त्यांनी रेघ ओढली, रेघेवर तारीख व वेळ लिहिली आणि सांगितले, रोज सकाळ-संध्याकाळ हेच करा. शेजारी त्या दिवशीचा पाऊस किती, वारा होता की नव्हता आणि वातानुकूलन यंत्र चालू होते की बंद, याची नोंद ठेवा. हे काम आमच्या स्वच्छता विभागातील दोन मावशींनी जुलैअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत एकही दिवस न चुकविता केले. त्यांची ती वही हा या संपूर्ण तपासणीतील सर्वांत मोलाचा, आणि सर्वांत स्वस्त, दस्तऐवज आहे.

वहीने जे दाखविले त्याने मी थक्क झालो. आजवर 'पावसाची ओल' या एकाच नावाखाली आम्ही ज्याला रंग देत होतो, त्या चार निरनिराळ्या व्याधी होत्या.

बालरुग्ण कक्षातील डाग वाऱ्यासह पाऊस झाल्यावर सहा ते आठ तासांनी रेघेबाहेर सरकत असे. वारा नसताना दिवसभर पाऊस पडला तरी तो जागचा हलत नसे. म्हणजे पाणी झडीचे, बाहेरच्या भिंतीतून येणारे. दुसऱ्या मजल्यावरील स्नानगृहालगतचा डाग पावसाला जुमानत नव्हता; उघडीप असो वा मुसळधार, तो सकाळी वाढे, दुपारी थांबे. तेथे नळाच्या पाइपाचा सांधा गळत होता, तो अर्ध्या दिवसात दुरुस्त झाला. तळमजल्यावरील नोंदणी विभागात जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत पांढुरका लोणा होता आणि त्याची वरची कड जवळजवळ सरळ होती. जमिनीतील ओल भिंतीतून वर चढते तेव्हा ती अशीच थांबते आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवून जाते.

चौथा डाग अतिदक्षता विभागाचा, आणि त्याने आम्हाला सर्वांत अधिक चकविले. तेथील भिंतीवर धुता येईल असा व्हिनाइलचा कागद चिकटविलेला होता. ऑगस्टमध्ये सलग काही दिवस उघडीप मिळाली, बालरुग्ण कक्षाची भिंत सुकू लागली, तरी येथील कागदाखालची ओल वाढतच होती. अभियंत्यांनी पुढील उलगडा केला. पावसाळ्यात कोकणातील बाहेरची हवा इतकी बाष्पाने भरलेली असते की २४-२५ अंश सेल्सियसच्या खाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या बाष्पाचे पाणी होते. विभागात यंत्रे खोली २१ अंशांवर ठेवीत होती. बाहेरचे बाष्प भिंतीतून थंड बाजूकडे, म्हणजे आत येई आणि व्हिनाइलच्या कागदाशी येऊन अडे. उन्हाळ्यात थंडगार ताकाच्या पेल्याबाहेर जसा घाम येतो, तसा तो कागदाच्या मागे येत होता. कागदाला लावलेली खळ हे बुरशीचे उत्तम अन्न. छतातून पाणी गळते आहे असे समजून त्या विभागावरील गच्चीचे जलरोधक काम आम्ही २०२० मध्ये करून घेतले होते. गच्ची निर्दोष होती.

असे अनुमान काढले तरी त्याची खातरजमा करावी लागते. विजेवर चालणारे ओलमापक यंत्र दोन टोके भिंतीत टोचून आकडा दाखविते. परंतु ते मूलतः लाकडासाठी बनविलेले, आणि भिंतीत क्षार असले तर कोरड्या भिंतीलाही ओली म्हणते. नोंदणी विभागात तसेच झाले. उष्णता टिपणारा कॅमेरा ओल पाहत नाही, तापमानातील फरक पाहतो. ओला भाग बाष्पीभवनामुळे थंड असतो म्हणून वेगळा दिसतो, एवढेच. ही साधने कोठे शोधावे ते दाखवितात, काय आहे ते सांगत नाहीत. म्हणून भिंतीला बारीक छिद्र पाडून पृष्ठभागाजवळचा, मधला व खोलवरचा असा निरनिराळा चुरा काढला. तो कॅल्शियम कार्बाइडसोबत बंद कुपीत घालून हलविला की चुऱ्यातील पाण्यापासून ॲसिटिलीन वायू होतो आणि कुपीवरील दाबमापकावरून ओलीचे प्रमाण कळते. बालरुग्ण कक्षात जसजसे खोल जावे तसतशी ओल वाढत गेली. अतिदक्षता विभागात उलट. कागदालगतचा चुरा सर्वांत ओला. एकीकडे पाणी बाहेरून शिरत होते, दुसरीकडे ते आतल्या अंगाला जमत होते, हे यावरून निर्विवाद झाले.

आमच्या वाचकांना घरी करता येईल अशी एक सोपी चाचणीही येथे सांगून ठेवतो. कोरड्या पुसलेल्या भिंतीवर हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लावावा आणि एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या खोलीकडील अंगावर थेंब आले तर ते हवेतील बाष्पाचे. कागदाच्या मागे आले तर ते भिंतीतले.

पाऊस संपून भिंत वाळल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, पश्चिमेकडे परांची उभारली आणि पाण्याची फवारणी करून पाहिली. यातील युक्ती अशी की सुरुवात खालून करावयाची. वरून पाणी मारले तर ते ओघळत सर्वच भेगांवरून जाते आणि नेमके कोठून शिरले ते कळत नाही. खालच्या पट्ट्यावर तासभर, मग त्यावरच्या, मग त्याहून वरच्या, असे चढत गेलो. आत एक जण बॅटरी घेऊन बसलेला. खिडकीच्या उंबऱ्याशी पोहोचल्यावर चाळीस मिनिटांत आत ओल उमटली. त्या उंबऱ्याचा उतार बाहेर असावयास हवा, तो किंचित आत होता. पुढे तुळईखालची ती केसाएवढी रेष. गच्चीच्या कठड्याचा माथा सपाट असून त्यावरही भेगा होत्या. आणि एक कारण असे, जे लिहिताना संकोच वाटतो. कक्षाला देणगीरूपाने मिळालेल्या वातानुकूलन यंत्राची नळी बाहेर काढण्यासाठी भिंतीला पाडलेले भोक आतल्या बाजूला उतरते होते, आणि ती देणगी जाहीर करणारा बाहेरील फलक ज्या चार खिळ्यांवर उभा होता, त्यांपैकी तीन गिलाव्यातून आरपार चिऱ्यात गेले होते व त्यांच्या भोवतीची जागा कोणीही बुजविली नव्हती. दोष देणगीदारांचा अर्थातच नाही. फलक मी बसवून घेतला होता.

हातोडीने हलकेच ठोकत गेलो असता भिंतीचा बराचसा भाग पोकळ वाजला. तेथे गिलाव्याने चिरा सोडला होता. बाहेरच्या महागड्या रंगाला ठिकठिकाणी फुगे आले होते. अभियंत्यांनी त्यांतील एकाला टाचणी लावली आणि त्यातून पाण्याची बारीक धार निघाली. पाऊस थांबून तेव्हा बरेच दिवस लोटले होते. तो रंग आपल्या कीर्तीला जागला होता, पाणी जाऊ देत नव्हता. केवळ ते पाणी त्याच्या आतल्या बाजूला होते. चार फटींतून शिरलेले पाणी पूर्वी उन्हात गिलाव्यातून सुकून जात असे. आम्ही ती वाट पैसे खर्चून बंद केली, तेव्हा ते उरलेल्या एकाच दिशेने, म्हणजे बालकांच्या खाटांकडे, सुकू लागले. मग तिकडेही मी प्लॅस्टिक लावले.

असा प्रमाद करणारे आपणच पहिले नव्हेत, हे वाचून थोडे हायसे वाटले. कॅनडातील व्हँकूव्हर व आसपासच्या भागात १९८० व १९९० च्या दशकांत बांधलेल्या असंख्य सदनिकांत बाहेरील गिलाव्यामागे पाणी कोंडून लाकडी सांगाडे कुजले. तोही किनाऱ्यालगतचा, पावसाचा प्रदेश; आणि तेथेही आधुनिक देखणेपणापायी छपराच्या वळचणी आखूड केल्या गेल्या होत्या. त्या प्रांताचे माजी पंतप्रधान डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली १९९८ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्यानंतर तेथे जी पद्धत रूढ झाली तिचा आधार असा की बाहेरचे आवरण कधी ना कधी गळणारच असे गृहीत धरावे: आधी पाणी भिंतीपासून दूर ठेवावे, शिरलेच तर त्यास बाहेर पडण्यास मार्ग द्यावा, उरलेले वाळू द्यावे, आणि इतके करूनही जेथे ओल राहील तेथे न कुजणारे साहित्य वापरावे. आपल्या भिंती लाकडाच्या नाहीत, त्या कुजत नाहीत. परंतु काँक्रीटमधील लोखंडी सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीट फोडतात. आपल्या एका तुळईच्या खालच्या अंगाला याची सुरुवात झालेली आढळली. आणखी दोन-तीन पावसाळे गेले असते, तर हे निवेदन रंगाच्या खर्चाविषयी राहिले नसते.

प्रत्यक्ष काम डिसेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात झाले. कामाच्या जागेला छतापर्यंत प्लॅस्टिकचे पडदे लावून ती उर्वरित विभागांपासून तोडली, आतील हवा सूक्ष्म गाळण्यांमधून बाहेर खेचणारे पंखे अहोरात्र चालू ठेवले आणि खरवडण्यापूर्वी पृष्ठभाग ओलसर करून घेतला, जेणेकरून धूळ उडू नये. बुरशीवर जंतुनाशक मारून रंग देण्याचा सोपा मार्ग टाळला, कारण मेलेली बुरशीही श्वासाला त्रास देते. बाधित गिलावा व सर्व आच्छादन काढून बंद पिशव्यांतून नेले. तुळई व चिरा यांच्या सांध्यावर जाळी बसवून नवा गिलावा केला. कठड्याच्या माथ्याला आत गच्चीकडे उतार दिला, उंबऱ्यांना बाहेर. छज्जे पुढे वाढवून त्यांच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवली. नळ्यांची भोके बाहेरच्या बाजूला उतरती केली. रंग असा निवडला की ज्यातून बाष्प बाहेर जाऊ शकते. तो स्वस्तही आहे. अतिदक्षता विभागातील व्हिनाइल काढून टाकले, आणि तज्ज्ञ डॉक्टरांशी विचारविनिमय करून तेथील तापमान रुग्णाच्या गरजेनुसार दोन-तीन अंशांनी वर ठेवले जाते.

हिशेबाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदविणे माझे कर्तव्य आहे. तपासणीवर झालेला एकूण खर्च २०२१ च्या एका रंगकामाच्या खर्चाच्या एक-चतुर्थांशाहून कमी आहे. सर्व भिंतींचा गिलावा काढण्याची जी सूचना प्रारंभी आली होती ती मानली असती, तर दक्षिण व पूर्व बाजूच्या निर्दोष भिंतीही फोडल्या गेल्या असत्या आणि अतिदक्षता विभागातील ओल जशीच्या तशी राहिली असती.

हे निवेदन लिहीत असताना ऑगस्ट २०२५ चा पाऊस चालू आहे. बालरुग्ण कक्षाची भिंत आजवर कोरडी आहे. ती पूर्ण वाळण्यास एक उन्हाळा पुरेसा नसतो, त्यामुळे मावशींची वही पुढील वर्षीही चालू राहील. नोंदणी विभागातील चढत्या ओलीवर पक्का उपाय अद्याप झालेला नाही. तूर्त तेथील कागदपत्रांची कपाटे भिंतीपासून दूर हलविली आहेत. उत्तरेकडील जिन्यात जुलैमध्ये एक नवा डाग दिसला असून त्याभोवती पेन्सिलीच्या अकरा रेघा झाल्या आहेत. तो वाऱ्याने वाढतो असे सध्या दिसते. निष्कर्ष पाऊस संपल्यावर विश्वस्त मंडळापुढे ठेवला जाईल, तोवर त्या जिन्याला रंग दिला जाणार नाही; येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो डाग कृपया सहन करावा. प्रत्येक मजल्यावर परिचारिकांच्या टेबलाशी एक नोंदवही ठेवली आहे. कोणासही कोठे कोंदट वास आला, भिंत गार वा ओलसर लागली, तर खाट क्रमांक व वेळ लिहून ठेवावी, अशी रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती आहे. देणगीचा तो फलक आता प्रवेशदालनात, आतल्या भिंतीवर लावला आहे.